गाडी मोडते, नंबर उरतो

तुमच्या दारात चारचाकी उभी असेल तर एकदा बॉनेट उघडा आणि इंजिनाच्या मागे, पुढच्या काचेच्या बुडाशी जो आडवा पत्रा असतो त्यावर बॅटरी मारून बघा. तिथे काही दिसलं नाही तर ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचं मॅटिंग उचला. मोटारसायकल असेल तर हँडल एका बाजूला पूर्ण वळवा आणि हँडलची दांडी ज्या जाड नळीतून खाली जाते ती नळी पाहा. धूळ पुसली की धातूत ठोकलेली १७ अक्षरं आणि आकडे दिसतात. हाच तुमच्या गाडीचा चॅसी नंबर.

त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरं कधीच सापडणार नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. सुरुवात 'एमए३' अशी असेल तर गाडी मारुतीची, 'एमएटी' असेल तर टाटांची, 'एमए१' म्हणजे महिंद्रा, 'एमडी२' म्हणजे बजाज. पुढच्या अक्षरांत मॉडेल, इंजिनाचा प्रकार, बनवल्याचा काळ आणि शेवटी त्या एकाच गाडीचा अनुक्रमांक. आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे की एका गाडीला दिलेला हा नंबर पुढची ३० वर्षं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीला द्यायचा नाही. जगभर रोज हजारो गाड्या कारखान्यांतून बाहेर पडतात आणि हा संकेत तरीही पाळला जातो, याचं मला अजून नवल वाटतं.

नंबर प्लेट बदलता येते, रंग बदलता येतो, रीतसर परवानगी काढून इंजिनसुद्धा बदलता येतं. चॅसी नंबर मात्र गाडीबरोबर जन्मतो. आणि गाडी मेली तरी तो मरत नाही. पत्रा सडला, इंजिन बसलं, गाडी पुरात बुडाली किंवा ट्रकखाली चेचली गेली, तरी सरकारदरबारी नंबर ठणठणीत असतो आणि त्याच्यापुढे तुमचं नाव लिहिलेलं असतं. जुनी गाडी कायदेशीरपणे मोडीत काढायची जी सगळी यातायात असते ती बारकाईने पाहिली तर लोखंडासाठी थोडी आणि नंबरासाठीच जास्त असते. लोखंडाचं काय, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा कारागीर अख्खी गाडी बघता बघता सुटी करून देईल. नंबर मारणं त्याच्या हातात नाही.

नंबर किती दूरवर पोहोचतो याचं मुंबईतलं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक असायला हवं. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर पोलिसांना एक महत्त्वाचा धागा मिळाला तो वरळीत सोडून दिलेल्या मारुती व्हॅनमधून. तिच्या नोंदणीवरचं नाव तपासाला माहीमच्या मेमन कुटुंबाच्या दारात घेऊन गेलं. व्हॅन कुणी चालवत आणली हा प्रश्न नंतरचा. आधी प्रश्न, गाडी कुणाच्या नावावर?

साध्या अपघातातही तेच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात एक गाडी एकाने दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने तिसऱ्याला, पण आरसीवरचं पहिलं नाव तसंच राहिलं. मग गाडीचा अपघात झाला. भरपाई कुणी द्यायची यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, आणि जबाबदारी त्याची. 'गाडी तर मी केव्हाच विकली' हे वाक्य गल्लीत चालतं, कोर्टात नाही. भंगारवाल्याला गाडी देऊन, हातात नोटा घेऊन, आरसी कपाटात ठेवून देणाऱ्याची स्थिती अशीच असते. त्याच्या लेखी गाडी गेलेली असते आणि आरटीओच्या लेखी तीच गाडी रोज रस्त्यावर धावत असते.

त्यातही सर्वांत जास्त जपायचं ते अपघातात चेचलेल्या गाडीला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा सॅल्व्हेजवाल्याकडे जातो. त्या चेचलेल्या सांगाड्याला चांगला भाव देणारा माणूस भेटला तर तो पत्र्यासाठी देतोय असं समजू नका. त्याला हवा असतो जिवंत नंबर आणि त्याची आरसी. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी चोरली जाते, तिचा चॅसी नंबर घासून तिथे चेचलेल्या गाडीचा नंबर ठोकला जातो, आणि चोरीची गाडी एका रात्रीत कागदोपत्री साव होते. अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या देशभरातून अधूनमधून येतच असतात. म्हणून मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ ने मालकावरच बोजा टाकलाय. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली की १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि आरसी जमा करायची. हे कलम वाचलेला गाडीमालक मला क्वचितच भेटतो.

इथे एक गैरसमज झटकून टाकू. 'पंधरा वर्षं झाली, आता गाडी स्क्रॅप करावीच लागेल' हे महाराष्ट्रातल्या खासगी गाडीला लागू नाही. दिल्ली परिसरातल्या १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध हा तिथल्या हवेपायी न्यायालयांतून आलेला वेगळा मामला आहे. आपल्याकडे १५ वर्षांनी आरसीची मुदत संपते, गाडी आरटीओत दाखवायची, पास झाली तर पर्यावरण कर आणि फी भरून पुढची पाच वर्षं मिळतात. फी मात्र खिशाला चिमटा काढणारी आहे. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या फेरनोंदणीचे ६०० रुपयांचे एकदम ५,००० रुपये झाले. सरकारी गाड्यांना ही सवलतही नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी आणि महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी पुढे वाढतच नाही, लष्कर आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या काही खास गाड्या सोडल्या तर. मुंबईतल्या टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी बरोबर २० वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, धंद्यातून बाद झाली ती याच हिशेबाने. इंजिन कसं आहे हे कुणी विचारलं नाही.

आता गाडी मोडीत काढायची रीत. १३ ऑगस्ट २०२१ ला केंद्राने वाहन स्क्रॅप धोरण जाहीर केलं आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याचे नियम निघाले. त्यांतून नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रं उभी राहू लागली. नोएडात मारुती आणि टोयोटा त्सुशो यांचं, महिंद्रा आणि एमएसटीसीचं 'सेरो', टाटांचं 'रिवायर', शिवाय स्थानिक उद्योजकांची. गाडी कुठल्याही राज्यात नोंदलेली असो, देशातल्या कुठल्याही नोंदणीकृत केंद्रात ती देता येते. कोल्हापूरची गाडी पुण्यात पडून असेल तर कोल्हापूरला ओढून न्यायची गरज नाही. अर्ज परिवहन खात्याच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर करायचा. सोबत मूळ आरसी, पॅन, ओळखपत्र, रद्द केलेला चेक. मालक स्वतः येणार नसेल तर अधिकारपत्र.

केंद्र गाडी लगेच घेत नाही, आणि तिथेच खरी गंमत आहे. 'वाहन' या केंद्रीय नोंदीत आधी तुमच्या नंबराची कुंडली मांडली जाते. आरसीवर बँकेचा बोजा आहे का? कर्ज फिटलं तरी बोजाची ही नोंद, म्हणजे एचपी, उतरवायची राहून गेलेली असते, आणि बारा वर्षांपूर्वीच्या कर्जाची एनओसी मागायला बँकेत गेलं की समजतं, बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे. चलनं थकली आहेत का? कर बाकी आहे का? गाडी काळ्या यादीत आहे का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या चोरीच्या गाड्यांच्या यादीत आणि स्थानिक पोलिसांच्या नोंदीत नंबर आहे का? कुठल्या खटल्यात मुद्देमाल म्हणून तिचं नाव आहे का? हे सगळं स्वच्छ निघालं की मग गाडी आत येते. चोरीची गाडी मोडून पुरावा गायब करायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भंगार. ही तपासणी तोच मार्ग बंद करते.

मराठी घरांत एक अडचण हमखास निघते, मालक हयात नसल्याची. वडिलांची चेतक वाड्याच्या बोळात दहा-बारा वर्षं उभी असते, कुणाला हलवायचं मन होत नाही आणि नाव अजून वडिलांचंच असतं. अशा वेळी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात. भाऊ-बहिणी चार असतील तर संमतीच्या सह्या आधी गोळा करून ठेवा. केंद्राच्या दारात टेम्पो उभा करून फोन लावत बसण्यापेक्षा ते बरं.

गाडी आत गेल्यावर तिचं काय होतं? धरा, २००६ सालची एक अल्टो, वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. घण घेऊन कुणी धावत नाही. आधी तिचं पाणी काढतात. गाडी उंच चढवून खालून इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेकचं तेल, कूलंट, काच धुवायचं पाणी, एकेक निराळ्या पिंपात. टाकीत उरलेलं पेट्रोल ठिणगी न उडवणाऱ्या हत्याराने भोक पाडून ओढून घेतात. एसीतला वायू यंत्राने शोषून घेतात. तो हवेत सोडला तर दिसत नाही, वासही येत नाही, पण आर-१३४ए नावाचा हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. अर्धा किलो वायू सुटला तर तो जवळजवळ ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखा. गल्लीतला भंगारवाला एसीची नळी कापतो तेव्हा 'फुस्स' असा जो आवाज येतो, तो हाच.

अलीकडच्या गाडीत एअरबॅग असतात. अपघातात ती पिशवी ३० ते ४० मिलिसेकंदांत फुगते, पापणी लवायच्या आत. ती फुगवणारी दारू गाडी भंगारात आली तरी जिवंतच असते. कटरची ज्योत तिला लागली तर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर ती फुटते. म्हणून ती आधी काढतात किंवा लांबून विजेचा झटका देऊन मुद्दाम फोडतात. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. कापून पाहिला तर आत चिनी मातीची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट दिसते. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमचा लेप असतो, सगळा मिळून काही ग्रॅम. डोळ्यांना काहीच चमकताना दिसत नाही. पण हे तिन्ही धातू पृथ्वीच्या कवचात इतके विरळ आहेत की खाणीतल्या एक टन खनिजातही प्लॅटिनम ग्रॅमांतच मोजावं लागतं. तेव्हा भंगारातली ती काळपट वीट खाणीपेक्षा श्रीमंत ठरते.

मग तारा. गाडीच्या पोटातून, छतातून, दारांतून गेलेली वायरिंगची जाळी सोलून काढायची. तांब्याला भाव आहे म्हणून काढतात असं वाटतं आणि ते खरंही आहे. पण दुसरं कारण मला जास्त विलक्षण वाटतं. भट्टीत लोखंड वितळवलं की सिलिकॉन, मँगनीज, ॲल्युमिनियम अशा भेसळी प्राणवायूशी संयोग पावून मळीत निघून जातात. तांबं जात नाही. प्राणवायू तांब्याच्या आधी लोखंडालाच पकडतो. तांबं जाळून काढायचं म्हटलं तर सगळं लोखंड आधी जळेल! पोलादात एकदा शिरलेलं तांबं म्हणून कायमचं राहतं. पुढे हे पोलाद लाटायला साधारण १,१०० अंशांवर तापवलं की वरच्या थरातलं लोखंड गंजून पापुद्रा होतं आणि तांबं मागे उरतं. तांबं १,०८५ अंशांना वितळतं. वितळलेलं तांबं पोलादाच्या कणांमधल्या फटींत झिरपतं आणि लाटताना पृष्ठभाग तडकतो. गाडीच्या दाराचा पातळ, गुळगुळीत पत्रा असल्या पोलादातून बनत नाही. बांधकामाच्या सळईला थोडं तांबं चालतं.

म्हणून जुन्या गाडीचं पोलाद सहसा पुन्हा गाडी होत नाही, घर होतं. आपल्याकडे त्या वाटेवरचं गाव म्हणजे जालना. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. तुमच्या नव्या स्लॅबमध्ये कुणाची जुनी फियाट असेल, सांगता येत नाही. खाणीतून पोलाद काढण्याऐवजी एक टन भंगार वितळवलं तर साधारण १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका. ते नव्याने काढायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या अवघ्या पाच टक्क्यांत जुनं वितळतं.

उरलेला सांगाडा कुठे दाबून गठ्ठा करतात, कुठे श्रेडरमध्ये घालतात. श्रेडरचे घण मुठीएवढे तुकडे पाडतात. वर फिरणारं चुंबक लोखंड उचलून नेतं. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, तरी पट्ट्याच्या टोकाशी त्याचे तुकडे आपोआप उडी मारून पलीकडच्या कप्प्यात पडतात. तिथे वेगाने फिरणाऱ्या चुंबकांमुळे ॲल्युमिनियममध्ये क्षणिक वीज उत्पन्न होते आणि तीच त्याला ढकलून देते. शेवटी उरतो तो फोम, काच, रबर आणि प्लास्टिकचा काला. त्याचं काय करायचं हे जगात कुणालाच अजून नीट जमलेलं नाही.

या सगळ्या तोडफोडीत एक तुकडा मात्र बाजूला काढतात, चॅसी नंबर ठोकलेला. तो कापून, स्क्रॅपचं प्रमाणपत्र दिल्यापासून सहा महिने केंद्राने जपून ठेवायचा असा नियम आहे. नंबर घासून का टाकत नाहीत? कारण घासलेला नंबर खरं तर जात नाही. ठसा उमटवताना धातूवर जो घाव बसतो त्याने नुसता खड्डा पडत नाही, खड्ड्याखालच्या स्फटिकांची रचनाही विस्कटते. खड्डा घासून सपाट केला तरी विस्कटलेला भाग खाली राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यावर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण हळूहळू फिरवतात. विस्कटलेला भाग शेजारच्या भागाहून वेगळ्या गतीने विरघळतो आणि गुळगुळीत पत्र्यावर गेलेले आकडे पुन्हा उमटू लागतात. फार खोलवर घासलं असेल तर नाही, पण वरवर घासून चोर निवांत झोपला असेल तर त्याची झोप या द्रावणाने उडवलेली आहे.

तुमच्या हाती काय येतं? पहिल्यांदा ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी केंद्राने ताब्यात घेतल्याचा पुरावा. गाडी प्रत्यक्ष मोडल्यावर स्क्रॅपचं प्रमाणपत्र, आणि त्यावरून नोंदणी रद्द. पैसे बँकेत जमा होतात. धोरणात धरलेला अंदाज नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्क्यांचा आहे, म्हणजे फार हुरळून जाऊ नका. भंगारवाला कधी कधी जास्त देतो, कारण तो चालू असलेले दिवे, दारं, गिअरबॉक्स सुटे विकतो. केंद्राशी तुलना करताना त्याने दिलेल्या जास्तीच्या चार पैशांत तुमचा जिवंत नंबरही विकला जातोय, तेवढं लक्षात घ्या.

ठेव प्रमाणपत्राचा उपयोग नवी गाडी घेताना होतो. नोंदणी फी माफ. मोटार वाहन करात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि धंद्याच्या गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची मुभा केंद्राने राज्यांना दिली आहे. महाराष्ट्रात सध्या किती हे गाडी बुक करण्याआधी आरटीओत विचारून घ्या, शोरूमवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. नवी गाडी घ्यायचीच नसेल तरी ते प्रमाणपत्र वाया जात नाही, ते दुसऱ्याला देता-विकता येतं. कंपन्यांनाही आता या भंगाराची गरज लागणार आहे. २०२५ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांनुसार खासगी गाड्या बनवणाऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्यांत जितकं पोलाद वापरलं, त्याच्या किमान आठ टक्क्यांएवढं स्क्रॅप केंद्रांमधून परत आल्याचा हिशेब द्यायचा आहे. ते प्रमाण पुढे वाढत जाणार. आणि याच नियमांनी मालकालाही मुदत घातली आहे. गाडीचं आयुष्य संपल्यापासून १८० दिवसांत ती केंद्रात द्यायची.

केंद्रातून परतल्यावर काही दिवसांनी परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः नंबर टाकून बघा. नोंदणी रद्द झालेली दिसली तर काम झालं. दिसली नाही तर प्रमाणपत्र घेऊन आरटीओत जा, 'होईल हो' वर विसंबू नका. मग विमा कंपनीला कळवून पॉलिसी बंद करा आणि नो क्लेम बोनस राखल्याचं पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो आणि पुढच्या गाडीला लागतो. फास्टॅगही बंद करून टाका, त्यात अडकलेली अनामत परत मिळते.